मघाची हवा

किसनमामांना "चहा टाकू का?" असं विचारलं, तर उत्तर यायला सहा-सात सेकंद लागत. मी मोजलेले आहेत. कळमनुरीत आम्ही नव्याने राहायला आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, मधल्या भिंतीला लागून तुळस लावली तर चालेल का. ते माझ्याकडे शांतपणे बघत राहिले. मला वाटलं, माणूस बहिरा आहे. आवाज चढवून पुन्हा विचारलं. तरी गप्प. मग वाटलं, बहिरा नाही, शिष्ट आहे. पाठ फिरवून फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "लावा की. पण कढीपत्ता लावा, तुळस आमच्याकडं हाय."

आतून द्वारकामामी पदराला हात पुसत आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यायचं असंच हाय बाई. काटा बसल्याबिगर बोलत न्हाईत." कुठला काटा, ते मला कळायला बरेच दिवस लागले.

मामा मूळचे सेनगावकडच्या एका मेंढपाळ घरातले. वडील मेंढरं घेऊन माळावर फिरले आणि मुलगा हवाई दलात भरती झाला. गावाला वाटायचं, किसन विमान उडवतो. खरं म्हणजे मामा वर्कशॉपमध्ये टेबलाशी बसून विमानातली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत. वैमानिकापुढे ज्या गोल तबकड्या असतात त्या सगळ्या त्यांच्या हातून गेलेल्या, पण जीव जडला तो एकीवर. विमान किती वेगाने वर चढतंय किंवा खाली उतरतंय, एवढंच ती सांगते. तिचं नाव व्हर्टिकल स्पीड इंडिकेटर. मामा मात्र तिला नुसतं 'काटा' म्हणत. बाकीच्या तबकड्यांना त्यांच्या लेखी काटे नव्हतेच.

तो काटा कसा चालतो हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर समजावलं. मी सातवीला विज्ञान शिकवते, तेव्हा मला ते आधीच माहीत असणार असा त्यांचा समज होता. तो मी लगेच मोडला नाही.

"एक बंद डबा घ्या," ते म्हणाले. "त्याच्यात पुरीसारखी फुगणारी पत्र्याची डबी. बाहेरची हवा पुरीत सरळ जाती. डब्यात मात्र बारीक भोकातून जाती, रमत-गमत. म्हणजे पुरीत आत्ताची हवा आन् डब्यात मघाची. विमान वर चाललं की आत्ताची हवा इरळ, मघाची दाट. त्या दोघीत जेवढा फरक, तेवढा काटा हलतो."

"म्हणजे डब्याला मुद्दाम गळती ठेवायची?"

"गळतीच तर खरी कारागिरी हाय. भोक मोठं झालं तर दोन्ही हवा एक होतात, काटा मेला. भोक बुजलं तर काटा चढला तो चढलाच. गळती बराबर पायजे."

आणि ह्या बारीक भोकामुळेच काटा थोडा मागे राहतो. विमानाने नाक वर केलं तरी काटा काही सेकंद विचार करतो आणि मग सांगतो. आयुष्यभर असल्या यंत्राच्या संगतीत राहून मामांचंही तसंच झालं होतं. त्यांच्या घरात भांडण लागत नसे, ह्याचं कारण मला तेव्हा कळलं. मामी बोलून मोकळ्या होत, भाकऱ्या थापायला लागत, आणि मामांचं उत्तर तयार होईपर्यंत विषय संपलेला असे.

निवृत्तीनंतर त्यांनी घरीच एक काटा बनवला. एक थर्मास, त्याच्या तोंडात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं रबरी बूच, बुचातून निघणारी सलाईनची नळी. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून माझ्या प्लास्टिकच्या पट्टीला बांधलेली, दुसरं टोक बाहेरच्या हवेला उघडं, आणि तिच्यात कुरुंद्याच्या हळदीचं पिवळंधमक पाणी. गळतीसाठी बुचात खुपसलेली इंजेक्शनची सुई. थर्मास घेऊन जिना चढलं की नळीतलं पाणी एका बाजूला इवलंसं वर सरके. मामा जिन्याने गच्चीवर जात, खाली येत, परत वर जात. मामी म्हणत, "पाणी पाह्यासाठी एवढे जिने चढता, टाकीतलं पाणी संपलं ते तेवढं दिसत न्हाई."

एकदा सेनगावच्या जीपमध्ये ते थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी. भर उन्हात त्यांनी जाहीर केलं की रस्ता चढणीचा आहे. जीप तर उघड उघड ओढ्याकडे उतरत होती. अख्खी जीप हसली. मामांचे नेहमीचे सेकंद गेले, मग थर्मासला हात लावून म्हणाले, "चुकलं. बराबर चुकलं. ऊन लागून आतली हवा तापली." हे त्यांनी पुढच्या बाकावरच्यांना सांगितलं, मागच्यांना सांगितलं, आणि उतरताना ड्रायव्हरलाही सांगितलं. त्या आठवड्यात मामींनी थर्मासला अंगाबरोबर बसणारी गोधडी शिवली. टोपडं तेवढं राहिलं होतं.

चूक झाली तर ती लपवायची नाही आणि मोजमाप आहे तेच सांगायचं, ह्या बाबतीत मामा फार कडक होते. माझ्या सासूबाईंचं बीपी ते बघत. सासूबाईंना आकडा कमी ऐकायची हौस, आणि मामा आहे तो आकडा सांगायचे. एकदा त्या चिडून म्हणाल्या, शेजारच्या माणसाने थोडं इकडचं तिकडं केलं तर काय बिघडतं. मामा म्हणाले, "काटा मन राखायला नसतो, ताई." सासूबाई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी डॉक्टरांकडून बीपीची गोळी वाढवून आल्या आणि मामांकडे वाटीभर शेंगदाण्याचे लाडू पाठवले.

मग मामांचे डोळे बिघडायला लागले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर व्हायला लागलं. हैदराबादला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, सुनीताने, तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि नांदेडहून दोघांची विमानाची तिकिटं काढली. विमानतळावर घोटाळा नको म्हणून सुट्टीत माझंही तिकीट काढून मला सोबत बोलावलं. तिकिटं आली त्या संध्याकाळी मामा ओट्यावर येऊन बसले. मी काही न विचारताच बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं की हे आतून फार दिवसांपासून येत असणार.

"नोकरीभर काटे लावून दिले. वरचे लोक घेऊन उडाले. पण मी एकदाबी विमानात बसलो न्हाई. हवेत काटा हलताना मी पाह्यलाच न्हाई. आता डोळे हायेत तवर एकदा पाहू द्या."

प्रवासी विमानात आतली हवा कोंडून धरतात, त्यामुळे दिसेल तो विमानाचा नव्हे, आतल्या खोलीचा चढ-उतार असेल, हेही त्यांनी मला बजावून सांगितलं. मी म्हटलं, चालेल. खरं तर मला त्या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पाणी हलताना दिसावं एवढंच मला वाटत होतं.

आता तुम्हीच सांगा, गोधडीत गुंडाळलेला थर्मास, त्यातून निघालेली नळी, नळीत पिवळं पाणी आणि वर इंजेक्शनची सुई, हे घेऊन कोण तुम्हाला विमानात बसू देईल? नांदेडच्या तपासणीतला जवान भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मामांची नोकरी कळल्यावर उभं राहून बोलला, पण सुई आणि पाणी पुढे जाणार नाही म्हणाला. मामांनी स्वतःच सुई काढून दिली. नियम बरोबर आहे, मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, असंही वर म्हणाले. पण आत जाऊन खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी पाण्याची बाटली विकत आणली. मामींनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि हळदीच्या जागी कुंकवाचं पाणी झालं. सुईचं भोक रबरात आपोआप मिटून गेलं होतं, म्हणजे गळतीच उरली नव्हती. मामा बूच हातात घेऊन चाचपत बसले. मामींनी विचारलं, नेमकं काय पायजे. बारीक फट, मामा म्हणाले. मामींनी साडीच्या पदराचा एक धागा ओढला, दाताने तोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तो बुचाच्या कडेने आत सोडून मामांनी बूच घट्ट दाबलं.

पाणी बघणार कोण हाही प्रश्न होता. मामांना नळी दिसत होती, नळीतल्या पाण्याची रेघ दिसत नव्हती. त्यांनी पट्टी डोळ्यापाशी नेली, दूर धरली, तिरकी केली, आणि शेवटी मामींच्या हातात दिली. पट्टीवरच्या आकड्यांशी मामींचं जमत नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, "मी तांदळाच्या मापानं सांगन. एक दाणा, दोन दाणे."

विमानात थर्मास समोरच्या सीटखाली गेला, लांब नळी मामींच्या मांडीवर. मी मधली वाट सोडून पलीकडे बसले होते, तरी नळी मला स्वच्छ दिसत होती. विमान धावलं, मामींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. चाकं जमिनीवरून सुटली ते मामांना पाठीतच कळलं.

"उचललं," ते म्हणाले. "द्वारका, काय म्हणतं?"

मामींनी डोळे उघडले, नळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. कुंकवाचं पाणी दोन्हीकडे सारखं होतं. जरासुद्धा हललं नव्हतं. मामींनी एकदा मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाल्या, "वर गेलं. दोन दाणे."

मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं. मामांच्या उत्तराचे सेकंद मी सवयीने मोजत होते.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "काटा तर मागं राहतो. तू काहून पुढं चालली?"

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"न्हाई हललं ना?"

"न्हाई."

"मग न्हाई म्हण. न्हाई बी रीडिंगच हाय." रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी मामींच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मामींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या बाजूच्या गृहस्थांना वाटलं असेल मला ढग बघायचे आहेत.

थोड्या वेळाने मामा वाकले, थर्मास वर घेतला, बुचाकडेचा धागा काढून बोटांत चोळला आणि हसले. धागा दुपदरी होता. फट मोठी झाली होती, आत्ताची आणि मघाची हवा एक होत होती. त्यांनी चाचपत पीळ सोडवला, एकच पदर ठेवला, बूच पुन्हा दाबलं. तोवर चढ संपला होता. आता उतरताना काय ते कळणार होतं. मामींनी मधल्या वेळात मला विचारून घेतलं की उतरताना पाणी कुठल्या बाजूला जायला हवं. मी सांगायला तोंड उघडलं तर मामा म्हणाले, "सांगू नका. आधी कळलं की तसंच दिसतं."

विमानाचा आवाज बदलला, कानात दडे बसले. मामांनी डोळे मिटून घेतले. "द्वारका?"

मामी नळी डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून बसल्या होत्या. तीन, चार, पाच. मी पाणी बघत नव्हते, मी त्यांचा चेहरा बघत होते. सहा.

"अवं," मामी हळूच म्हणाल्या, "बाहेरच्या बाजूचं उतरून राहिलं. एक दाणा. थांबा... दीड. आतल्या बाजूचं तेवढंच वर. कुणी हात लावला न्हाई, काई न्हाई, आपोआप चाललं."

मामांनी डोळे उघडले नाहीत. "आता खरं," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. हैदराबादची जमीन लागेपर्यंत मामी दाणे मोजत होत्या आणि ते मान हलवत होते.

त्यानंतर ते तिकडेच राहिले. मधली भिंत आहे, कढीपत्ता तिच्या वर गेला आहे, पलीकडच्या घराला कुलूप आहे. मला करमत नाही, हे उघडच सांगते. परवा फोन केला. मामींनी उचलला. पूर्वी मामांचं काहीही विचारलं की प्रश्न संपायच्या आत त्या "बरं हाय, बरं हाय" म्हणायच्या, आणि त्यातलं निम्मं मी सोडून द्यायचे. ह्या वेळी विचारलं, मामी, डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन कटला असं वाटून मी फोनचा पडदा बघितला. चालू होता. मी मोजायला लागले.

"जे गेलं ते येणार न्हाई बाई," मामी म्हणाल्या. "पण हाय तेवढं टिकतं, असं डॉक्टर म्हणून राहिले."

मी पुन्हा विचारलं नाही. ह्या वेळी त्यातलं काहीच सोडून द्यायचं नव्हतं.