आईची गादी, रत्नागिरीचा फोम

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी ठरवलं, आता तिला पुण्यात आणायचं. ती रत्नागिरीला मांडवीत एकटी राहते आणि तिथून हलायचं नाव घेत नाही. शेवटी तह झाला: कुणाचा हात न धरता अंथरुणातून उठता आलं तर ती तिथेच राहील, नाही तर माझ्याकडे. मग या आदर्श लेकीने दुकानातली सगळ्यात मऊ गादी घेतली, गाडीच्या टपावर बांधली आणि नवऱ्याला म्हटलं, चल.

कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट असा रस्ता धरा. घाटात काम चालू आहे, तेव्हा पहाटेच निघा. साखरप्याला चहा घेताना टपरीवाल्याने वर बघून विचारलं, "रुखवत निघालं काय?" नवरा हसला. मी नाही.

संध्याकाळी आई त्या गादीवर आडवी झाली आणि दिसेनाशी झाली. "अगो, माझे पाय कुठे गेले बघ!" दोघांनी मिळून तिला उपसून काढलं. मी म्हटलं, "बघ, उठता येत नाही तुला."

"खोट खुब्यात नाय, तुझ्या गादीत आहे," आई म्हणाली. "उद्या मला इकबालकडे ने."

आखातात काम शिकून परतलेल्या इकबालभाईंचा एमआयडीसीत फोमचा छोटा कारखाना आहे. आधी फोन करून गेलात तर ते हौसेने सगळं दाखवतात. पिंपातून रबराचा चीक येतो. वास असा की नाकाला रुमाल हवाच. त्यात गंधक वगैरे घालून तो घुसळतात, फेस साच्यात ओततात आणि चक्क इडलीसारखा वाफवतात. साच्यातल्या दांड्यांमुळे फोमला भोकं पडतात, त्यातून हवा खेळते. मग धुऊन, पिळून वाळवायचं. इथून रिक्षांच्या सीटा होतात, होड्यांवरच्या बैठका होतात. उरलेला चुरा उशांत जातो.

मी एक तुकडा हाताने दाबून "छान मऊ आहे" म्हटलं.

"ताई, हाताने दाबून गादी घेऊ नका. हात काय झोपतो?" इकबालभाई म्हणाले. "काकू, तुम्ही झोपा बिनधास्त."

आई भर कारखान्यात, पदर सावरून, दहा मिनिटं झोपली. चौथ्या तुकड्यावर तिचं समाधान झालं: खाली घट्ट थर, वर बोटभर मऊ. इकबालभाईंनी तो घरच्या पलंगाएवढ्या उंच बाकावर ठेवला. आई कुशीवर वळली, काठाशी बसली, पाय जमिनीला टेकले, गुडघ्यांवर हात रोवले. मी पुढे सरसावले तर इकबालभाईंनी मानेनेच नको म्हटलं. आई उठली.

दुपारी मांडवीत तळलेले बांगडे आणि सोलकढी. आई दोन घास जास्तच जेवली.

परतून आठवडा झाला. गादी घ्यायला जाल तर झोपणाऱ्यालाच न्या, हे तर सांगतेच. पण आणखी एक सांगायचंय. आईने गुडघ्यांवर हात रोवले तेव्हा क्षणभर मला वाटलं होतं, नाही उठली तर बरं. मला तिची सोबत हवी होती आणि मी त्याला तिची काळजी म्हणत होते. काल फोनवर तिला हे सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग तसं सांगायचंस गो. चार दिवस आले असते मी, माझ्या पायांनी."