कूलर लावला आणि ठिपका वर चढला

मागच्या मे महिन्यात आमच्या अकोल्याच्या घरातला कूलर भर दुपारी बंद असायचा. अकोल्याचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला मी आणखी काय सांगू! आणि बंद कशासाठी, तर एक तार हलू नये म्हणून.

माझी नात अमरावतीला शिकते, राजापेठेत खोली करून राहते. सुट्टीत आली ती कॉलेजची परवानगी काढून एक पितळी पाइप, एक मशीन आणि वायरींचं भेंडोळं घेऊनच. समोरच्या खोलीत माझ्या लाकडी दिवाणावर तिनं सगळा पसारा मांडला. मी विचारलं, "काय व हे? दिवाणाले नळ बसवून राह्यली का?"

"नळ नाही व आजी, डोळा आहे हा."

मग गवार निवडता निवडता मी तो डोळा समजून घेतला. मी शाळा पाहिली नाही; आमच्या पिठाच्या गिरणीत लोक दळणाच्या पिशव्या आणायचे, त्यांच्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. त्यामुळे मला कुणी काही सांगायला लागलं की मी पुरतं ऐकल्याशिवाय सोडत नाही.

तर असं आहे, की काही ठिकाणी गोल यंत्रं असतात, गावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यासारखी. मधे एक नळी, तिच्यातली हवा सगळी उपसून काढलेली. त्या पोकळीतून विजेचा भार असलेले कण झुबक्या-झुबक्यांनी पळतात. एका सेकंदात लाखो चकरा! माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. लोहचुंबकं त्या धारेला वळवत नेतात. धार नळीच्या मधोमध राहायला हवी, भिंतीला घासली की संपली.

"अन् दिसत त नाही कोणाले. मंग मधोमध हाय का नाही, हे कळते कसं?"

"तेच तर माझं काम आहे!" म्हणाली, आणि तिनं मला पाइपाच्या आत बोट घालायला लावलं. शर्टाच्या गुंडीएवढी चार धातूची बटणं हाताला लागली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. धार जवळून गेली की बटणात विजेची बारीकशी लहर उठते; जवळच्यात जास्त, लांबच्यात कमी. समोरासमोरच्या दोघांतला फरक काढला की धार कुठून गेली ते समजतं. तिला हात लावायचा नाही, अडवायचं नाही. डोळे मिटून पडलं तरी गल्लीतली गाडी आपल्या दारावरून गेली की समोरच्या, हे कानांना कळतंच की. पण ही गाडी अशी, सेकंदात लाखो वेळा जाणारी! मी त्या बटणावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

घरात काही ती धार आणता येत नाही. म्हणून पाइपातून केसासारखी तांब्याची तार ताणायची, तिच्यात वीज खेळवायची आणि तिलाच धार समजायचं. तार कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं. बटणं तेच सांगतात का, ते ताडून पाहायचं. बटणांचं म्हणणं लॅपटॉपवर हिरव्या ठिपक्यात दिसायचं.

सुट्टी संपली की तिच्या कॉलेजात अशाच एका मोठ्या गोल यंत्रावरची माणसं येणार होती. ज्याचं काम पटेल अशा एकाला सोबत नेणार होती. पोरीला तिथंच जायचं होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

कूलरनं दिवाण थरथरतो, ठिपका नाचतो, म्हणून कूलर बंद. सकाळी ठिपका अगदी मधोमध असायचा. दुपार चढली की तो हळूहळू खाली उतरायचा. पोरीनं वायरी बदलल्या, बटणं खोलून पुन्हा बसवली. तिसऱ्या-चौथ्या दुपारी तर ती डोकं धरून बसली.

"आजी, डोळाच खोटं बोलते माझा. मी काय दाखवू त्यायले?"

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बनियन पिळत आला. "माय, हे पोरगी आपल्याले वाळवणात घालते का? पापड झालो आमी!"

"बाबा, थोडा वेळ फक्त."

"तुह्या तारीले घाम येत नाही, मले येते!" असं म्हणून त्यानं खटकन बटण दाबलं. कूलर घरघरला, थंड ओला झोत खोलीभर फिरला.

नात ओरडायला उठली आणि उठता उठता थबकली. मीही पाहिलं. ठिपका थरथरत होता, पण थरथरत थरथरत वर चढत होता. कुणी काही शिवलं नव्हतं. जसजशी खोली गार होत गेली, तसतसा तो वर येत गेला, मधोमध येऊन टेकला. मी दिवाणाजवळ सरकले. म्हटलं, हे काय जिवंत आहे का?

"आजी, तार!" ती किंचाळलीच. "उन्हानं तार लांबली व! दोन्हीकडून खुंटीले बांधली होती, लांबली त झोल पडला. दिवाण लाकडाचा, तो काही तेवढा वाढला नाही. डोळा खरंच सांगत होता. मीच म्हणत होती तार सरळ आहे!"

मी पाइपाला डोळा लावून पाहिलं होतं दुपारी. तो झोल मला काही दिसला नव्हता. त्या चार गुंड्यांना मात्र दिसला होता.

मग तिनं तारेचं एक टोक मोकळं केलं, लहानशा चाकावरून खाली सोडलं आणि त्याला वजन टांगायचं ठरवलं. तार कितीही लांबो, वजन तिला ताणून धरणार. मी गिरणीतलं पन्नास ग्रॅमचं माप काढून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर बंद, घरात भट्टी, आणि ठिपका जागचा हलला नाही. माझ्या मुलानं अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट टाकली आणि तिथून ओरडला, "ठिपक्याले विचार, आता मी आत येऊ का?"

अमरावतीला मीही गेले तिच्यासोबत. पाहुण्यांतले एक साहेब त्या मापाकडे पाहून हसले. "हे किराणा दुकानातलं काय लावलंय?"

"गिरणीतलं आहे सर," म्हणाली, आणि कूलरची सगळी गोष्ट सांगितली, बाप रागावला त्यासकट. साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी वजन काढून तार बांधायला लावली, आपला तळवा पाइपाच्या तोंडाशी, तारेजवळ धरला. तळव्याच्या उबेनं ठिपका इवलासा खाली गेला. त्यांनी हात काढला, तसा तो परत वर आला. तिला नेलं त्यांनी.

आता ती तिथं असते. फोटो काढू देत नाहीत, म्हणून फोनवर बोलून दाखवते. परवा म्हणाली, "आजी, पूर्ण गोलभर बटणं आहेत इथं, आणि ही तार नाही, खरीखुरी धार आहे."

"मधोमध हाय ना?"

"सकाळी होती. आता जराशी सरकली. ऊन चढलं ना आजी, जमीन तापते, सगळं बांधकाम जरासं फुगते, ते पण दिसते हिच्यात."

एवढं मोठं यंत्र! आणि त्यालाही दुपार लागते. मी फोन कानाला तसाच धरून बाहेर आले. अंगणात ऊन पांढरं झालं होतं.

"थांब हं," ती म्हणाली, "चुंबकाले सांगतो." फोनमधून कळा दाबल्याची टकटक आली. मी फोन कानाशी आणखी दाबला.

"आली," म्हणाली. "मधोमध."