न्यायमूर्तींचा घाम

वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत तिला सगळे पावडरमावशी म्हणत. चर्चेला आलेल्यांचे चेहरे कॅमेऱ्यात चकाकू नयेत म्हणून बावीस वर्षं ती त्यांच्या कपाळावर पफ फिरवत आली होती. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याचा वरचा ओठ ओला होतो, हे ती पैजेवर सांगे. वकिलांना मात्र तिने हा नियम कधी लावला नाही, कारण ते कायमच घामाघूम. पडद्यावर एकमेकांच्या उरावर बसणारे दोघे नंतर एकाच गाडीतून हसत घरी जात. नेहमी येणारे एक निवृत्त न्यायमूर्ती तेवढे कोरडे ठणठणीत. दहा वर्षांत एकाही चर्चेत त्यांना दुसऱ्यांदा पफ लावावा लागला नव्हता.

आजचा विषय तिच्या घरातलाच होता. कोर्टाने रद्द ठरवलेली नर्सांची भरती सरकारने नवा कायदा करून वाचवली होती. कोर्टाचा निकाल असा कायद्याने पुसता येतो का, याचा फैसला उद्या व्हायचा होता. तिची लेक त्याच भरतीतली. सात वर्षांची नोकरी टांगणीला लागलेली. एका खासगी दवाखान्याने तिला बोलावलं होतं, पण आज सातच्या आत होकार हवा, तोही सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन. न्यायमूर्ती काय म्हणतात ते ऐकू आणि मग ठरवू, असं मायलेकींचं ठरलं होतं.

दोन्ही वकिलांनी राज्यघटनेची कलमं एकमेकांना फेकून मारली. मग न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले, "कायदा टिकेल."

मावशीच्या जिवात जीव आला. ब्रेक झाला, ती पफ घेऊन पुढे गेली आणि तिचा हात थबकला. न्यायमूर्तींचा वरचा ओठ ओला होता. कपाळही.

कसंबसं पुसून ती बाहेर धावली. तिच्या स्वतःच्या मानेवरून धारा लागल्या होत्या. काळजीने माणूस निथळतोच, त्यात नवल ते काय! पावणेसात झाले होते.

"राजीनामा पाठव," ती फोनवर लेकीला म्हणाली.

"अगं, ते तर टिकेल म्हणाले. टीव्हीवर ऐकलं मी."

"तू ऐकलंस. मी त्यांचा चेहरा पुसलाय."

लेक बरं म्हणाली. आईच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, हेच तर वाईट.

मावशी परत आली तेव्हा ब्रेक लांबला होता. न्यायमूर्ती कोट काढून कागदाने वारा घेत होते. वायरमन शिडीवर चढून पुटपुटत होता.

"चर्चा सुरू झाल्यापासून एसी बंद आहे, मावशी. तुम्हाला उकडलं नाही?"

तिने मानेला हात लावला. मग पुन्हा फोन लावला. लेकीने लगेच उचलला.

"पाठवला गं आई. तू सांगितलंस, आता कसं मोकळं वाटतंय."

"बरं केलंस," मावशी म्हणाली, आणि मनगटाने आपला वरचा ओठ पुसला.