पोळ्याच्या करीचा वाढदिवस

आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला येतो. यात दैवाचा काही हात नाही, आम्हा मास्तर-बाईंची ती करणी. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईला लेकराची जन्मतारीख विचारावी, तर ती म्हणणार, हुरड्याच्या दिवसांत झालं. मग आम्ही रजिस्टरात एक जून लिहून मोकळे होतो. कुणाचं काही बिघडत नाही, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात माझं सासर, आणि गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. एका वर्षी पट एका पोराने कमी पडला. पट भरला नसता तर दोन शिक्षकांतला एक गेला असता, आणि तो मीच असते. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या, अंगणवाडीत जाणाऱ्या एका पोरीला उचलून पहिलीत बसवलं. तिची आई म्हणाली, "लई लहान हाय बाई, पोळ्याच्या करीला पाच पुरे व्हतेत." मी म्हटलं, हुशार आहे, चालेल. आणि रजिस्टरात एक जून लिहून तिला सहा वर्षांची केली. एका ओळीत पोरगी सव्वा वर्षाने मोठी झाली.

हुशार तर ती होतीच, तोंडाळही होती. तिसरीत तिने विचारलं, बाई, माझा वाढदिवस सुट्टीतच का येतो? मला हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. मी तिला खरं सांगून टाकलं, की तुझा वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, करीला. तेव्हापासून दरवर्षी करीला ती माझ्या दारात हजर. मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. चौथीनंतर ती तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली, तरी कर चुकली नाही. मला लेक नाही. करीच्या सकाळी पैंजण वाजले की मी चहाचं आधण तसंच सोडून उठायचे.

बारावीची परीक्षा झाली आणि तिला अर्धापूरकडचं स्थळ आलं. केळीच्या बागा, मुलगा नोकरीला. बापाला वाटलं, असं स्थळ पुन्हा दारात यायचं नाही. लग्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं. ग्रामसेवकांनी शाळेचा दाखला पाहिला. एक जूनला अठरा भरलेली, हरकत कसली? खरं तर सतरा भरायलाही अजून पोळा यायचा होता.

लग्नाला चार दिवस असताना ती माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "बाई, माझी खरी तारीख तुमालाच ठाव हाय. मला शिकायचंय. तुमी सांगा."

मी म्हणाले, "बघू."

त्या दोन अक्षरांची मला आजही चीड येते. खरी तारीख सांगायची म्हणजे खोटी तारीख मीच लिहिली हे लेखी द्यायचं. अक्षर माझं, सही माझी. चौकशी लागेल, नोकरी जाईल, गल्लीतला माणूस दुखावेल, असलं सगळं मनात घोळवत मी दोन दिवस घरात बसले. गहू निवडले. निवडलेले पुन्हा निवडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात मांडव पडला, आणि मला बसवेना. अंगणवाडीताईंना गाठलं, लसीकरणाचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. त्यात करीची तारीख स्वच्छ लिहिलेली होती. ते घेऊन मी ग्रामसेवकांकडे गेले आणि माझी चूक कागदावर लिहून दिली. पण कागद हलून पोलीस आणि अधिकारी गावात यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर पोरीला हळद लागली होती, पाहुणे पंगतीला बसले होते.

लग्न थांबलं. पण सगळ्या गावासमोर थांबलं. दोन दिवस आधी गेले असते तर चार माणसांत, चहाच्या कपावर थांबलं असतं. बापाने हळदीच्या अंगाच्या लेकीकडे पाहिलं आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, हिला न्यायची तर न्या, या घरात आता हिची जागा न्हाई. बालकल्याण समितीने तिला आधी लातूरच्या वसतिगृहात ठेवलं. पुढे ती नर्सिंगला नांदेडला गेली. मला नोटीस आली, मी खुलासा दिला, समज मिळाली. ज्या भीतीपायी दोन दिवस घालवले ती एवढीशीच निघाली.

आता करीच्या सकाळी तिचा फोन येतो. दारातला लिंब केवढा झालाय, गाय व्याली का, आई बरी आहे का, सगळं विचारते. बापाचं कधी विचारत नाही. मी उभ्यानेच बोलते, कारण माझ्या खिडकीतून तिचं दार दिसतं. तिची आई तेव्हा ओट्यावर काहीतरी निवडत बसलेली असते आणि माझ्या खिडकीकडे बघत असते. फोन कुणाचा आहे हे तिला न सांगता कळतं. नवऱ्यादेखत ती माझ्याशी बोलत नाही.

यंदा पोळ्याच्या आधी तीच मागच्या दाराने आली. पदराखाली डबा होता, धपाट्यांचा. म्हणाली, करीला तिला घेऊन या, चार घटका का होईना, मी यांना इचारते. पण विचारायची तिची छाती होईना. शेवटी मीच गेले. तो बैलांच्या शिंगांना रंग देत होता. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या अंगणात पाय ठेवला. म्हटलं, भाऊ, दोष माझा होता, तारीख मी चुकवली आणि सांगायला उशीरही मीच केला, लेकीवर का राग? तो बराच वेळ एकच शिंग रंगवत राहिला. मग म्हणाला, "बघू."

करीला फोन आला. मी तिला झालेलं सगळं सांगितलं, डब्याचंही. पहिल्यांदाच तिने विचारलं, "अण्णा काय म्हनले?"

"बघू म्हणाले."

तिच्या मागे वॉर्डात कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

"तुमचं बघू दोन दिवसांचं व्हतं, बाई," ती म्हणाली. "अण्णांचं किती दिवसांचं असंल?"

माझ्या हातात गुळाचा खडा होता. समोर तिच्या दारात तिची आई सूप मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती.