सासऱ्यांच्या बंदुकीची हद्द

माझ्या सासऱ्यांइतका कायदा पाळणारा माणूस अख्ख्या राधानगरी तालुक्यात झाला नाही, आणि जावयाला कायद्याचा इतका ताप देणारा सासरा उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती. तिचं लायसन तरुणपणीच काढलेलं. तेव्हापासून शस्त्र या विषयावर गावात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, असा जणू ठरावच झाला होता. आमच्या लग्नात मी फेटा बांधून, हातात कट्यार धरून मांडवाच्या दारात उभा राहिलो, तर औक्षणाचं ताट मागे सारून हे पुढे आले, खिशातून शिंप्याची टेप काढली आणि कट्यारीचं पातं मोजायला लागले. "साडेआठ इंच. नवाच्या आत हाय, लायसन लागत न्हाय. या पावणं," असं जाहीर करून त्यांनी मला आत घेतलं. मुलगा काय शिकलाय, कुठे नोकरीला आहे, हे त्यांनी विचारल्याचं मला आजतागायत आठवत नाही.

कुणी गाव सोडून निघालं की यांना विशेष चेव यायचा. टेम्पोत सामान भरताना हे हजर, आणि पहिला प्रश्न, "हत्यार काय काय हाय?" त्यांचा भाचा नोकरीसाठी पुण्याला निघाला, तेव्हा त्याच्या आईने नारळ सोलायला म्हणून कोयता बांधून दिला होता. यांनी तो पोत्यातून उपसून काढला. "हितं कमरंला कोयता दिसला की माणूस वैरणीला निघालाय म्हणत्यात. पुण्यात हत्यार बाळगायचं न्हाय असा पोलीस आयुक्ताचा हुकूम असतोय. तिथं आधी धरत्यात, मग इचारत्यात. राज्य एकच हाय रं, पर साहेब येगळा!" शेजारचे एक निवृत्त सुभेदार मुलाकडे बेळगावला राहायला चालले होते. त्यांच्या लायसनवर महाराष्ट्रापुरतं असं लिहिलेलं यांनी बोट ठेवून दाखवलं. "कागलच्या पुढं हद्द वलांडली, की हीच बंदूक गुन्हा हुती बघा. आधी तिकडची परवानगी आणा." सुभेदारांनी पंचवीस वर्षं सीमेवर काढली होती, पण ही सीमा त्यांना ठाऊक नव्हती.

स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात एका जनावराला गोळी घातली नाही. भातात गवे शिरले की आभाळाकडे नळी करून एक बार काढायचा, बस्स. "गवा समजूतदार असतोय. एकदा सांगिटलं की जातोय," हे त्यांचं मत. निवडणूक लागली की जिल्ह्यातली हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. लोक शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ करतात. हे पहिल्या सकाळी बंदुकीला तेल लावून हजर. मग दर बाजाराच्या दिवशी हवालदाराला भुईमुगाच्या शेंगा नेऊन द्यायच्या आणि विचारायचं, "ओलीच्या भिंतीला न्हाय न्हवं ठेवली?"

सासूबाई गेल्या आणि हे घरात एकटे उरले. गुडघे बोलायला लागले होते. बायकोने धोशा लावला की आबांना कोल्हापूरला आपल्याकडे आणायचं. दर सणाला आम्ही न्यायला जायचो आणि दर सणाला तेच ऐकून परतायचो. "लायसन पिकाच्या राखणीचं. पीक हितं, म्हणून बंदूक हितं. मी शहरात आलो तर ती बेवारशी हुती. कायद्यात बसत न्हाय, पोरी." परतीच्या वाटेवर गाडीत ती डोळे पुसायची आणि सरकारला लाखोली वाहायची. शेवटी मीच उठून कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र परवान्यांच्या टेबलाशी गेलो. कारकुनाने नाव ऐकलं आणि तो हसायलाच लागला. "अहो, बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, पत्ता बदलल्याचा अर्ज द्यायचा. एका दिवसाचं काम. तीन वर्षं सांगतोय त्यांना. येतात, नीट ऐकून घेतात, चहा पितात आणि जातात."

मला संताप आला. त्याच रविवारी गाव गाठलं. ते घराच्या पुढच्या सोप्यात बसून बंदुकीची नळी पुसत होते. कारकून भेटल्याचं मी सांगितलं, तसा फडका थांबला.

"पोरीला बोललासा?"

"अजून नाही."

"नगा बोलू. कायदा आडवा येतोय म्हटलं की ती सरकारवर चिडती. मला यायचंच न्हाय म्हटलं, तर तिला वाटंल, बापाला मी नको झाले." मग नळीवर पुन्हा फडका फिरवत म्हणाले, "हे घर सुटत न्हाय वो पावणं. काय करू?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, फाईल वर गेली आहे. पुढचं वर्षभर मी ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर हलवत राहिलो. अशा कामात मी इतका तरबेज निघेन असं मला वाटलं नव्हतं.

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी ते बांधावरून घसरले आणि कुणाच्या नजरेस पडले नाहीत म्हणून दुपारपर्यंत चिखलात पडून होते. हाड मोडलं नाही. आम्ही धावत गेलो, तर आम्हालाच दटावून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी सकाळच्या एसटीने, काठी टेकत, एक पिशवी घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. हातात ठाण्याची पावती.

"सरकारनं परवानगी दिली," ते लेकीला म्हणाले.

तिला हसू की रडू असं झालं. एवढ्याशा कामाला इतकी वर्षं लावली मेल्यांनी, असं बडबडत ती चहा टाकायला आत पळाली. ते खुर्चीत टेकले. स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "पावणं, आता तिथं ऱ्हायाला माझ्याकडं कायदा उरला न्हाय."

आत बायको आनंदाने सरकारला शिव्या घालत होती, आणि मला मनापासून वाटत होतं, की तसा एखादा कायदा खरंच असायला हवा होता.