बंद झालेली पिठी

दादाने जेवण टाकले, म्हणून मी दापोलीहून रत्नागिरीला गेलो. दादा माझा थोरला भाऊ. हयात जहाजांवर गेली. आता विस्मृतीचा आजार आहे. तो बसत नाही. ओटी ते परसदार, परसदार ते ओटी, दिवसभर चालतो.

"पेज दिली, भात दिला, ताट सारतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. दादाचा सदरा खांद्यावरून उतरू लागला होता.

"पिठी?" मी विचारले. घरी असताना कुळथाच्या पिठीवाचून तो जेवल्याचे मला आठवत नाही.

"बंद केली. तुम्हीच सांगितलंत, भावोजी."

तसे मी सांगितले नव्हते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. फोनवर मी एवढेच म्हणालो होतो, की पेशींतली निकामी प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि त्यांना आवरणारे निरोधकही असतात. या आजारात मेंदूत जे साचते, त्यात असे काही निरोधक सापडतात. चेतापेशी मरण्यास त्यांचा हातभार लागत असावा, अशी शंका आहे. कच्च्या कुळथातही निरोधक असतात, हे मी ओघात जोडले. वहिनींनी तेवढेच धरले.

"कुळथातले निराळे," मी म्हणालो. "भाजून शिजवल्यावर ते बहुतेक निकामी होतात. मेंदूतले शरीर स्वतःच तयार करते. ते लागतातही. बागेत रान तोडणाऱ्याला आवरले नाही, तर तो कलमेही तोडतो. पण त्याचा हात धरूनच ठेवला, तर रान माजते आणि कलमे मरतात."

"मग तो हात सोडवा की! एवढं शिकलात ते कशाला?"

मी फळीवरचा कुळथाच्या पिठाचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. वहिनी चुलीकडे वळल्या.

लसणीच्या फोडणीचा वास आला, तसा दादा परसदारी थांबला. आत येऊन बसला. पिठी-भात कालवला, चार घास खाल्ले आणि म्हणाला, "मीठ कमी."

"सगळं विसरलात, माझी चूक काढायची तेवढी विसरला नाहीत!" वहिनींनी मीठ वाढले आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याने ताट संपवले, हात धुतले आणि पुन्हा चालू लागला.

संध्याकाळच्या एसटीने मी परतणार होतो. गेलो नाही. मलाही बसवेना. ओटी ते परसदार, मी त्याच्या मागून चालत राहिलो.