रिकाम्या रकान्यातलं 'नाही'

सिस्टरांच्या हातातली ती सुई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. काल शेजारच्या सुमनमावशींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. सुई टोचणार तेवढ्यात मावशी ओरडल्या, "अहो बाई, पेनिसिलिन नको! मागे श्वास कोंडला होता माझा."

सिस्टर थबकल्या. "कॉम्प्युटरवर तर ॲलर्जी 'नाही' आलंय."

"मग त्यालाच टोचा!"

जुन्या केसपेपरवर ही सूचना समासात, लाल शाईने लिहिलेली होती. तिथल्या सगळ्या सिस्टर अशा सूचना तशाच लिहायच्या. महिन्यापूर्वी ते कागद नव्या सिस्टिममध्ये उतरवले, तेव्हा फक्त छापील रकाने भरायचा हुकूम होता. समास कुणी पाहिलाच नाही. आणि जो रकाना रिकामा राहिला, तिथे सिस्टिमने आपणहून 'नाही' भरलं. 'माहीत नाही' असंसुद्धा नव्हे. चक्क 'नाही'! न विचारता दिलेल्या उत्तराला हे लोक माहिती म्हणतात?

वर कौतुक असं की, एका खोलीतली नोंद त्याच क्षणी वॉर्डात, अपघात विभागात, औषधांच्या खिडकीवर दिसते. म्हणजे हे खोटंही सगळीकडे एकदमच पोचलं. जुने केसपेपर तर उतरवून झाल्यावर रद्दीत गेले; आता खरं-खोटं ताडून पाहायला दुसरा कागद कुठून आणायचा?

मावशींना बोलता येत होतं, म्हणून त्या वाचल्या. पलीकडच्या खाटेवर एक माणूस बेशुद्ध पडला होता. सिस्टरांनी त्याची नोंद उघडली. ॲलर्जी: नाही. त्या क्षणभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग उठून दारात गेल्या आणि बाहेरच्या गर्दीला ओरडून विचारलं, "ह्यांच्या घरचं कुणी आहे का इथे?"